घरची कणगी की सावकाराचे कोठार?

गेल्या वर्षी माझे थोरले बंधू वारले. तेरावे आटोपून पाहुणे पांगल्यावर वहिनींनी त्यांचा मोबाइल माझ्या हातात ठेवला. कुलूप उघडण्याचा परवलीचा शब्द बंधूंबरोबरच गेला होता. नातवंडांची छायाचित्रे, आमच्या आईच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, शेताच्या वाटणीपत्राची प्रत, असे सारे काही एका परदेशी कंपनीच्या भांडारात होते. मृत्यूचा दाखला जोडून मी चार महिने पत्रव्यवहार केला. प्रत्येक वेळी तेच साचेबंद उत्तर आले. अखेर वहिनींनी विचारले, “भाऊजी, आमच्याच घरातले फोटो आमाले काहून दाखवत नाही ते?”

मालकी, खंड आणि व्याज हे विषय मी जन्मभर पदव्युत्तर वर्गांना शिकवले. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर त्याच पाठांत होते. धान्य आपले असले तरी कणगी आपली नव्हती. घरच्या कणगीतील धान्य वारसाला आपोआप मिळते. परक्या कोठारात ठेवलेले धान्य कोठारवाल्याच्या अटींवर मिळते.

ज्याला आपण ‘क्लाउड’ म्हणतो तो आकाशातील ढग नव्हे. ती कोणाची तरी इमारत आहे, कोणाची तरी यंत्रे आहेत आणि दारावर त्यांचाच पहारेकरी आहे. त्या इमारतीत आपण गेलो कसे, हे आठवून पाहावे. गूगलने २०१५ मध्ये छायाचित्रांसाठी अमर्याद जागा फुकट देऊ केली. २०१६ मध्ये जिओ आले आणि खेड्यापाड्यांतील घरे त्या फुकटच्या कोठारात आपल्या आठवणी ओतू लागली. १ जून २०२१ पासून अमर्याद जागा बंद झाली. १५ जीबीपुढे भाडे सुरू झाले. डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरणही अमलात आले. पेरणीच्या दिवसांत हसतमुखाने धान्य देणारा आणि सुगीत सवाई-दिढीने वसूल करणारा सावकार वऱ्हाडाला नवा नाही. कापसाच्या बियाण्याचेही असेच झाले. सरकीचे घरचे बी राखणारा शेतकरी संकरित वाणांनी आणि २००२ नंतर बीटी कापसाने दर साली दुकानाच्या दारात उभा केला. बियाण्याची मालकी गेली तेव्हा आपण मोर्चे काढले. स्मृतीची मालकी जाताना मात्र आपण ‘मान्य’ या बटणावर बोट ठेवून मोकळे झालो.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा घेतला जातो. एवढ्या मोठ्या कंपनीकडे माल असताना घरच्या डबड्याची चिंता कशाला, असे विचारतात. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे मार्च २०२१ मध्ये ओव्हीएच या कंपनीचे माहितीकेंद्र जळाले. ज्यांची मूळ प्रत आणि राखीव प्रत त्याच आवारात होती, त्यांचे दोन्ही गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी केंद्राला आग लागली. तेथे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या कागदपत्रांचा ८५८ टीबी एवढा साठा दुसरी प्रत नसल्याने नष्ट झाला. मोठेपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे. आगीहूनही अधिक बोलके उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. तेथील एका पित्याने २०२१ मध्ये आजारी बाळाचे छायाचित्र डॉक्टरांसाठी काढले. यंत्राने ते अश्लील ठरवले, गूगलने त्याचे खाते बंद केले, आणि पोलिसांनी निर्दोष म्हटल्यावरही ते परत मिळाले नाही. न्यायालय, पोलीस, फिर्यादी आणि तुरुंगाधिकारी एकच असलेल्या या राज्यात नागरिक कोणी नाही. सारे कुळ आहेत.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तेथे प्रामाणिक हिशेब मांडला पाहिजे. आपल्या बाजूला खोटे आकडे शोभत नाहीत. हिवरा आश्रम येथील माझ्या घरी मी एक छोटा सर्व्हर बसवण्याचे ठरवले. पुस्तकाएवढे यंत्र, त्यात २ टीबीच्या दोन डिस्क आणि घराबाहेर ठेवण्यासाठी तिसरी, असा एकूण खर्च सुमारे तीस हजार रुपये. पाच-सहा वर्षांनी डिस्क बदलाव्या लागतील, त्यासाठी सतरा हजार धरले. यंत्र २० वॅट वीज खाते, म्हणजे वर्षाला १७५ युनिट. दहा रुपये दराने दहा वर्षांचे साडेसतरा हजार. बेरीज साडेचौसष्ट हजार होते. गूगलच्या २ टीबी जागेला भारतात वर्षाला सुमारे साडेसहा हजार पडत आले आहेत, म्हणजे दहा वर्षांचे पासष्ट हजार. हिशेब बरोबरीचा आहे, आणि यंत्र सांभाळणाऱ्याचे श्रम तर मी धरलेलेच नाहीत. तेव्हा घरचा सर्व्हर स्वस्त पडतो म्हणून बसवा, असे मी सांगणार नाही. पण दहा वर्षांनंतर भाडे थकले तर एकाच्या हाती काय उरते आणि दुसऱ्याच्या हाती काय, हा प्रश्न बेरजेत मावत नाही. खंडाने कसणारा आणि स्वतःचे कसणारा यांचे एका सालाचे उत्पन्न सारखे असू शकते. म्हणून कूळकायदा निरर्थक ठरत नाही.

आता आपल्याच बाजूच्या उत्साही मंडळींशी थोडे भांडतो. घरात यंत्र बसले की आपण स्वतंत्र झालो, ही आत्मवंचना आहे. दोन डिस्कवर एकच मजकूर उमटत राहतो, त्यामुळे एक डिस्क बिघडली तर दुसरी तारते. परंतु चुकून पुसलेले छायाचित्र दोन्हींवरून त्याच क्षणी पुसले जाते. मृगाच्या तोंडी घरावर वीज पडली, चोर शिरला, तर दोन्ही जातात. म्हणून जाणकारांचा नियम असा की प्रती तीन, प्रकार दोन आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या गावी. आमच्याकडच्या जोडणीतून १ टीबी मजकूर १० एमबीपीएस वेगाने बाहेर पाठवायचा तर अखंड नऊ दिवस लागतात. त्यापेक्षा डिस्क पिशवीत घालून एस.टी.ने मेहकरला नेणे सोपे! मी तेच करतो.

दुसरी गोष्ट उगवण चाचणीची. सोयाबीनचे घरचे बियाणे ठेवणारा शेतकरी पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळतो आणि किमान सत्तर उगवले तरच ते पेरतो. परत काढून न पाहिलेली प्रत म्हणजे न तपासलेले बियाणे होय. वर्षातून दोनदा दहा-वीस फायली परत काढून उघडून पाहाव्यात. आणि परवलीचे शब्द कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, घरातील दोघांना ठाऊक अशा जागी ठेवावेत. आमच्या बंधूंनी एवढेच केले असते तर वहिनींवर ही वेळ आली नसती.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. सर्व्हर सांभाळतो तो बहुधा घरातील पुरुष. सासऱ्याच्या यंत्रात सुनेची पत्रे उघडी पडणार असतील, तर आपण कंपनीची मक्तेदारी मोडून कुटुंबप्रमुखाची उभी केली, एवढेच होईल. प्रत्येकाचा कप्पा वेगळा आणि किल्ली ज्याची त्याच्याकडे, ही सोय यंत्रात आहे. ती पहिल्या दिवशी वापरली पाहिजे.

काही सहकारी म्हणतील की शेतकरी गळफास घेत असताना हा मध्यमवर्गीय छंद कशाला? त्यांनी महात्मा फुल्यांचे स्मरण करावे. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या जोतीरावांना पक्के ठाऊक होते की कागद कुळकर्ण्याच्या हाती असतो तोवर जमीन कुणब्याच्या हाती राहत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली बिगर-आदिवासी वननिवासींना तीन पिढ्यांच्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. आसामच्या नागरिक नोंदवहीतून ऑगस्ट २०१९ मध्ये एकोणीस लाखांहून अधिक माणसे वगळली गेली, आणि आजोबांचा कागद सापडणे न सापडणे यावर अनेकांचे भवितव्य ठरले. कागद जपण्याची गरज श्रीमंताहून गरिबाला अधिक आहे. अडचण ही की तीस हजारांचे यंत्र गरिबाला परवडत नाही.

उत्तर वैयक्तिक खरेदीत नाही. ते सहकारात आहे. डॉ. लोहियांनी १९५२ मध्ये पचमढीच्या अधिवेशनात छोट्या यंत्राचा आणि विकेंद्रित सत्तेचा विचार मांडला. गावाच्या हातात राहील, गावाला दुरुस्त करता येईल असे यंत्र त्यांना हवे होते. हा सर्व्हर तसे यंत्र आहे. त्यावर चालणाऱ्या नेक्स्टक्लाउड, सिंकथिंग यांसारख्या प्रणाली खुल्या आहेत, त्यांना परवाना-शुल्क नाही. दहा कुटुंबांनी मिळून एक यंत्र घ्यावे, ते सार्वजनिक वाचनालयात किंवा पक्षाच्या कार्यालयात ठेवावे, आणि शेजारच्या गावातील अशाच दहा कुटुंबांशी प्रतींची अदलाबदल करावी. मजकूर सांकेतिक कुलपात असेल, म्हणजे सांभाळणाऱ्याला तो वाचता येणार नाही. सातबारा, जातीचा दाखला, मजुरीची चिठ्ठी आणि लग्नाचा फोटो या सर्वांना तेथे सारखीच जागा मिळावी.

हे जमेल का, असे विचारणाऱ्यांनी विवेकानंद जयंतीच्या उत्सवात आमच्या गावी यावे. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढत वाढत प्रचंड पंगत जेवून उठते, आणि ते काम कोणी ठेकेदार करत नाही. गावोगावचे स्वयंसेवक करतात. एवढ्या माणसांना वेळेवर जेवू घालणारे हात दहा घरांचे कागद सांभाळू शकणार नाहीत, हे मी मानत नाही.

कार्यकर्त्यांना माझी एवढीच विनंती आहे की सुरुवात स्वतःच्या घरापासून आणि पक्षाच्या कपाटापासून करावी. आणीबाणीतील पत्रके, संपांची छायाचित्रे, सत्याग्रहींच्या याद्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी वाळवी खात आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी त्यांच्या तीन प्रती व्हाव्यात. वहिनींच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही, आईच्या ओव्या अद्याप कुलपातच आहेत. पुढच्या वहिनीवर ही पाळी येऊ न देणे मात्र आपल्या हातात आहे.