नाव घेऊन वाढा

आपल्या मंडळाच्या अंकात खाण्यावर काही आलं की ते बहुधा गोडावर थांबतं. कुलकुल, नेवऱ्या, दोदोल, झालंच तर आपल्या बेळगावचा कुंदा. या पदार्थांना कुणाची हरकत नसते. सगळेच खातात, सगळ्यांनाच आवडतात. पण आमच्यासारख्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत नाताळच्या जेवणात टेबलाच्या मधोमध येतं ते पोर्क. त्याच्याबद्दल आपण घरात भरभरून बोलतो आणि मराठीत लिहायची वेळ आली की गप्प बसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की लिहावं, आणि नाव घेऊन लिहावं.

यंदा मी फळं भरलेल्या पोर्क चॉप्सची कृती लिहायला घेतली, तेव्हा दोन-तीन मित्रमैत्रिणींनी प्रेमानं सुचवलं, "अगं, 'नाताळ स्पेशल चॉप्स' म्हण की. उगाच कुणाला खटकायला कशाला?" त्यांचा हेतू चांगला होता, पण सल्ला मला पटला नाही. नाव लपवल्यानं खरी अडचण कुणाची होते? आपल्या मुसलमान मैत्रिणीची, जैन मित्राची, पोर्क न खाणाऱ्या हिंदू घरातल्या मुलांची. ख्रिस्ती लोकांतही ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक पोर्क खात नाहीत. 'स्पेशल' म्हणून पुढे केलेल्या ताटात काय आहे, हे त्यांना कळायला नको? एका बाकावर बसून डबे खाताना आपण आपोआप सांगतोच ना, "यात अंडं आहे हं!" त्या सांगण्यात भांडण नसतं, समोरच्याची काळजी असते. छापील पानावरही तीच रीत पाळावी.

मग नाव कुठलं घ्यायचं? इथं मराठीची गंमत आहे. देवळात 'वराह' म्हटलं की आपण हात जोडतो. रस्त्यावर 'डुक्कर' म्हटलं की ती शिवी होते. हॉटेलच्या कार्डावर 'पोर्क' आलं की प्राणी आठवतच नाही. घरी आजीच्या कोकणीत ते साधं 'दुकरामास' असतं, त्यात ना शिवी ना थाट. मराठीत 'पोर्क' हा शब्द आता रुळलाय, तो वापरायला माझी ना नाही. पण 'डुकराचं मांस' असं लिहायची वेळ आली तर पेन अडखळू नये.

'हे आपल्या मराठीतलं नव्हे' असं म्हणणाऱ्यांना एका ग्रंथाची आठवण करून द्यावीशी वाटते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा. त्याची राजधानी कल्याण, म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. मराठीच्या इतिहासात हा ग्रंथ येतो, कारण त्याच्या संगीताच्या भागात जुन्या मराठी ओळी सापडतात. त्याच ग्रंथाच्या जेवणाच्या भागात डुकराचे केस गरम पाण्यानं कसे काढावेत आणि मग ते कसं भाजावं, हे राजाच्या पाकशाळेचा पदार्थ म्हणून सांगितलंय. म्हणजे आपण ज्या पुस्तकात जुनी मराठी शोधतो, त्याच पुस्तकात हे मांसही शिजतंय. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) वाचा. पाककृतींच्या पुस्तकांनी ज्यांची चूल बघितलीच नाही, त्या मराठवाड्यातल्या दलित घरांचं जेवण त्यांनी मराठीत आणलं. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राशोलला छापलं गेलं ते १६१६ साली. ख्रिस्ताची कथा मराठीत येऊन चारशे वर्षं झाली, मग ख्रिस्ती घरातलं जेवण मराठीत आणायला संकोच कसला?

दुसरा आक्षेप फळांवर असतो. "मटणात सफरचंद? हे कसलं साहेबी खूळ!" सफरचंद भरायची पद्धत युरोपातली आहे, हे खरंच. तिकडे भाजलेल्या पोर्कबरोबर सफरचंदाची आंबट-गोड चटणी घेतात आणि स्कॅंडिनेव्हियात नाताळच्या पोर्कमध्ये सुकवलेले आलुबुखारे घालतात. पण कल्पना आपल्याला परकी नाही. गोव्यात पोर्क आमसुलं घालून करतात आणि आमसूल हे फळच की! कोडगूच्या पंदी करीत कचंपुळी नावाचा काळा, दाट आंबट रस पडतो, तोही कोकमाच्या जवळच्या नात्यातल्या फळाचा. वसई-मुंबईकडच्या मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन घरांत इंद्याल होतं, त्यात आंबटपणा व्हिनेगरचा. कारण सगळीकडे एकच. या मांसाची चरबी जिभेवर बसते आणि आंबट तिला कापतं.

आता कृती. हाडासकट दीड इंच जाडीचे चार चॉप्स घ्या. खाटकाला नुसतं "चॉप दे" म्हटलं तर तो पातळ काप देईल, म्हणून "खिसा करून भरायचेत" असं सांगा. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात चॉप्स तास-दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. पाठीच्या या भागात चरबी कमी असते, त्यामुळे तो लवकर कोरडा पडतो. मिठाच्या पाण्यानं मांस ओलावा धरून ठेवतं. मग पुसून कोरडे करा आणि चरबीच्या बाजूनं सुरी घालून हाडापर्यंत खिसा करा. सुरी आरपार जाऊ देऊ नका.

सारणासाठी एक हिरवं आंबट सफरचंद, आठ जर्दाळू, मूठभर बेदाणे, एक कांदा आणि बेकरीतले दोन शिळे पाव. कांदा लोण्यात मऊ करा, त्यात बारीक चिरलेली फळं, मिरी, चिमूटभर दालचिनी आणि चमचाभर व्हिनेगर घाला. सफरचंदाचं पाणी आटू द्या. गॅस बंद करून पाव कुस्करून मिसळा. पाणचट सारण खिशात टिकत नाही, बाहेर येतं. सफरचंदाऐवजी अननस घालायचा असेल तर तोही आधी चांगला शिजवा. कच्च्या अननसातलं ब्रोमेलिन मांसातली प्रथिनं तोडतं आणि मांस पिठूळ लागतं.

सारण गार झालं की भरा, टोकाला दातकोरणी टोचून खिसा बंद करा. जाड बुडाच्या कढईत थोड्या तेलावर दोन्ही बाजू तीन-चार मिनिटं लालसर करा. ओव्हन असेल तर १८० अंशांवर साधारण पंचवीस मिनिटं. नसेल तर त्याच कढईत अर्धी वाटी पाणी घाला, झाकण ठेवा आणि मंद आचेवर तेवढाच वेळ ठेवा, मध्ये एकदा उलटा. काढल्यावर पाच मिनिटं तसेच राहू द्या. लगेच कापलं तर सगळा रस ताटात जातो.

शिजलं की नाही, याबाबत हयगय नको. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ मध्ये पोर्कच्या अखंड कापांसाठी ६३ अंश सेल्सिअस आणि वर तीन मिनिटं विसावा पुरेसा मानला. पण भरलेल्या चॉपमध्ये मांसाचा कच्चा रस सारणात मुरतो, म्हणून सारणाच्या मधोमध ७४ अंश व्हायला हवेत. तापमापक नसेल तर एक चॉप हाडाजवळ कापून बघा. रस लालसर दिसला तर परत झाकण ठेवा.

"पोर्क खाल्लं की मेंदूत किडा जातो" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलंय. अर्धकच्चं, दूषित पोर्क खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होऊ शकतो, हे खरं आहे, म्हणूनच ते नीट शिजवायचं. मेंदूत गाठी होतात त्या मात्र या कृमीची अंडी पोटात गेल्यानं. ती अंडी कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि अस्वच्छ हात, पाणी, न धुतलेल्या भाज्या यांतून पोटात जातात. म्हणजे पोर्कला कधी हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. ज्या पदार्थाचं नावच घ्यायचं नाही, त्याच्याबद्दल अशा अर्धवट गोष्टी पसरतात आणि त्या कुणी तपासत नाही. नाव घेऊन बोललो, तर तो कसा आणावा, कसा धुवावा, किती शिजवावा हेही बोलता येईल.

म्हणून पुढच्या अंकासाठी माझी विनंती आहे. ज्यांच्या घरी इंद्याल होतं, आमसूल घातलेलं पोर्क होतं, किंवा गावाकडे चुलीवर डुकराचं मटण होतं, त्यांनी ते घरी म्हणतात त्याच नावानं लिहावं आणि पहिल्याच ओळीत सांगावं की हे कशाचं आहे. खाणाऱ्यांनी वाचून करून बघावं. न खाणाऱ्यांनी पान उलटावं, किंवा नुसतं वाचावं. जेवायला मात्र आपण बसू त्याच बाकावर.