परिचारिकेला रसायनशास्त्र कशाला?

परिचर्या-शिक्षणाच्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचा पाया किती खोल घालावा, हा प्रश्न वरकरणी अभ्यासक्रम ठरविणाऱ्या समित्यांचा वाटतो. राजकीय कार्यकर्त्याने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असेही कोणी विचारील. वस्तुतः रुग्णालयात हुकूम कोणी सोडायचा आणि तो निमूटपणे कोणी पाळायचा, याचा निकाल बऱ्याच अंशी याच पहिल्या वर्षात लागत असतो. म्हणून हा प्रश्न समित्यांवर सोपवून मोकळे होता येणार नाही.

जीएनएम आणि एएनएम या अभ्यासक्रमांना येणाऱ्या मुली कोणत्या घरांतून येतात, हे खेड्यापाड्यांत काम करणाऱ्यांना सांगावयास नको. शेतमजूर, अल्पभूधारक, गिरणीतून बाहेर पडलेला कामगार यांच्या घरातील पहिली नोकरी बहुधा हीच असते. बारावीला कला शाखा घेतलेल्या मुलींनाही या अभ्यासक्रमांची दारे खुली आहेत, आणि ती तशी असणे न्याय्यच आहे. परंतु दार उघडे ठेवणाऱ्या व्यवस्थेवर आत आलेल्या मुलीला पाया घालून देण्याचीही जबाबदारी येते. ती टाळली की शिक्षक टिपणे उतरवून देतात, विद्यार्थिनी ती पाठ करतात आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहून मोकळ्या होतात. ‘काय करावे’ हे त्यांना कळते. ‘का करावे’ हे मात्र कायम दुसऱ्याच्या मालकीचे राहते.

‘शुश्रूषेला हात कुशल हवा, मन सेवाभावी हवे, रेणू आणि आयन घेऊन तिने काय करायचे?’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी १९७१ सालचे बोनगावचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील या सीमेवरच्या गावी निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाण्यातील मिश्रण तोंडावाटे पाजण्याचा निर्णय घेतला. पाजणारे कोण होते? बहुतांशी रुग्णांचे नातेवाईकच. तीस टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण त्या उपचाराखालील रुग्णांत चार टक्क्यांच्याही खाली आले.

हा चमत्कार नव्हता. आतड्याच्या पेशीपटलातून ग्लुकोज आत जाताना सोडियमला बरोबर घेऊन जातो आणि त्यांच्यामागून पाणी जाते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली होती. पटकीच्या विषाने आतड्यातून पाण्याचा लोंढा बाहेर पडत असताना शोषणाची ही वाट शाबूत राहते. नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी जे करू शकत नाही, ते त्यात ग्लुकोज मिसळल्याने साधते, याचे कारण एवढेच.

आता याच जलसंजीवनीच्या पाकिटाकडे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुधारलेल्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यासाठी त्यात साधे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. तराजूवर ग्लुकोज मिठाच्या पाचपट भरते. पण कण मोजले तर मीठ आणि सायट्रेट यांतून मिळणारे सोडियम ७५ मिलिमोल आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोलच! ग्लुकोजचा रेणू जड, सोडियमचा आयन हलका. म्हणून वजनात तफावत आणि संख्येत बरोबरी. शरीर वजन करीत बसत नाही, ते कण मोजते. ‘मोल’ ही जी कल्पना पुस्तकात रुक्ष व्याख्या होऊन पडलेली असते, तिचा अर्थ एका पाकिटात असा उलगडतो.

हे ज्या आरोग्यसेविकेला समजले, तिला पुढचे प्रश्न अडवीत नाहीत. एखादी आई म्हणते, पोर पीत नाही, थोडी जास्त साखर घालू का? पाठांतर केलेली सेविका ‘नाही’ म्हणेल, आणि आई घरी जाऊन साखर घालील. परासरण समजलेली सेविका सांगेल की, फार गोड पाणी आतड्यात गेले तर अंगातलेच पाणी त्याच्याकडे ओढले जाते आणि जुलाब वाढतात. कारण कळले की आईही ते शेजारणीला सांगते. लोहाच्या गोळीचेही तसेच. चहातील द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात आणि लिंबातील जीवनसत्त्व त्याच्या शोषणाला मदत करते, एवढे समजले तरी ‘गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही’ या तक्रारीचे एक कारण सापडू शकते.

रुग्णालयात तर अज्ञानाची किंमत याहून भारी असते. पेशीच्या आत पोटॅशियम सुमारे १४० मिलिमोल, बाहेर रक्तद्रवात साडेतीन ते पाच. या तफावतीवर हृदयाचा ठोका चालतो. पाकिटातून पोटात जाणारे पोटॅशियम क्लोराइड जीव वाचविते; तेच पुरेसे पातळ न करता शिरेत टोचले तर हृदय बंद पाडते. सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ का, आणि त्याऐवजी शुद्ध पाणी शिरेत गेले तर तांबड्या पेशी का फुटतात, हेही त्याच धड्यात येते. घाईत दिलेल्या चुकीच्या आदेशाला ‘थांबा’ म्हणण्याचे बळ शिस्तीतून येत नाही. ते आकलनातून येते. आणि अपघात घडल्यावर चौकशीत सर्वांत आधी कोणाकडे बोट दाखविले जाते, हे कामगार संघटनांना पुरते ठाऊक आहे.

वेळ अपुरा आहे, ही सबबही टिकणारी नाही. १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या आणि एक कोटीहून अधिक घरांतील मातांना चिमूटभर मीठ व मूठभर गूळ यांचे द्रावण करावयास त्यांनी शिकविले. त्यांचे वेतन मातांच्या ध्यानात किती राहिले, यावर ठरत असे. निरक्षर मातांना जे नीट समजावून देता आले, ते बारावी झालेल्या मुलींना समजणार नाही, असे म्हणण्यात त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे.

खरी मेख भाषेची आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६०च्या दशकात मराठीतून वैद्यक शिकविणारे वर्ग निघाले होते. म्हणजे आपल्या भाषेत हे शास्त्र येतच नाही, हा युक्तिवाद दीड शतकापूर्वीच खोटा ठरलेला आहे. २०२२ साली मध्य प्रदेश सरकारने एमबीबीएसची हिंदी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध केली, तेव्हा देशभर वाद झडला. पण त्या सर्व वादात परिचारिका कोणाला आठवली नाही. डॉक्टरांहून अधिक वेळ रुग्णाशी त्याच्या भाषेत जी बोलते, तिला आधी स्वभाषेत शास्त्र कळले पाहिजे, हा साधा क्रम उलटा झाला. औषधांची नावे इंग्रजी राहोत, ‘सोडियम’ला सोडियमच म्हणावे, बाहेरगावी वा परदेशी नोकरीसाठी इंग्रजीही कसून शिकवावे. परंतु समजावणी मराठीत व्हावी. समजलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत नेता येते; न समजलेली कोणत्याच भाषेत सांगता येत नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. परिचर्येच्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या आरंभी काही आठवड्यांचे, विद्यावेतनासह, मूलभूत रसायन-जीवशास्त्राचे सत्र असावे. अनुभवी परिचारिका आणि विज्ञानशिक्षक यांनी मिळून मराठी पुस्तक लिहावे. बटाट्याची फोड मिठाच्या पाण्यात टाकून परासरण पाहण्याइतके तरी प्रयोग प्रत्येकीच्या हातून व्हावेत. परीक्षेत निम्मे प्रश्न ‘का’ने सुरू व्हावेत. आणि हे सत्र परिचारिकांपुरते न ठेवता आशा सेविका, कक्षसेवक व सफाई कामगार यांनाही मिळावे. फरशी पुसण्याच्या क्लोरीनच्या द्रावणात संडास धुण्याचे आम्ल मिसळले तर विषारी वायू उठतो, हे रसायनशास्त्र ज्याच्या फुप्फुसांवर बेतते, त्यालाच ते कोणी शिकवीत नाही!

सरकार हे उद्या करील, अशा भ्रमात राहण्याचे कारण नाही. तोवर तालुक्याच्या गावी निवृत्त विज्ञानशिक्षकांना गाठून परिचारिकांचे आणि आशांचे अभ्यासवर्ग सुरू करणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे. त्याला लागणारे साहित्य म्हणजे एक फळा, एक तराजू आणि जलसंजीवनीचे एक पाकीट. वेतनवाढीचा लढा आवश्यक आहेच; परंतु आपल्या कामामागील कारण समजलेला श्रमिक तो लढाही अधिक ताठ मानेने लढतो.