नोराच्या खिशातली बिस्किटं



सांगलीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला इब्सेनचं ‘डॉल्स हाउस’ हे नाटक अभ्यासाला आहे. मुलगी गाइडमधून नोराचं स्वभावचित्र पाठ करत होती. नोरा आधी बालिश, उधळी, खोटं बोलणारी. शेवटी जागृत आणि स्वाभिमानी. झालं उत्तर! आईनं पोळ्या लाटता लाटता ते ऐकलं, नाटकाचा मराठी अनुवाद मिळवला आणि दोन दुपारी बसून वाचून काढला. त्या लिहितात:

“बाई, मला ही नोरा मुळीच पटली नाही. तीन लहान लेकरं टाकून ती घराबाहेर पडते आणि गाइडवाले तिला जागृत म्हणतात! शिवाय पहिल्या अंकातली उधळी बाई शेवटच्या अंकात एकदम एवढी शहाणी कशी होते? दोन-तीन दिवसांत माणूस बदलतं का? मुलीला काय सांगू?”

मला या पत्राचा फार आनंद झाला. गाइडपेक्षा या आईनं नाटक नीट वाचलं आहे. तिचे प्रश्न दोन आहेत. त्यातला दुसरा आधी घेऊ, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. नॉर्वेतलं एक सुखवस्तू घर. नाताळचा आदला दिवस. नोराच्या नवऱ्याला, हेल्मरला, बँकेच्या मॅनेजरची जागा मिळाली आहे. लग्नाला आठ वर्षं झालीत, तीन मुलं आहेत. पण लग्नानंतर लवकरच हेल्मर अतिश्रमानं गंभीर आजारी पडला होता. हवापालटासाठी दक्षिणेकडे नेलं नाही तर तो वाचणार नाही, असं डॉक्टरांनी नोराला सांगितलं होतं, त्याला नव्हे. नोरानं गुपचूप ४,८०० क्रोनर कर्ज काढलं, त्याला इटलीला नेलं आणि पैसे वडिलांनी दिले असं सगळ्यांना सांगितलं. कर्जरोख्यावर जामीन म्हणून वडिलांची सही हवी होती. वडील मरणाच्या दारात होते. त्यांना त्रास नको म्हणून सही तिनंच केली आणि तारीख घातली २ ऑक्टोबर. वडील वारले होते २९ सप्टेंबरला! सावकार क्रॉगस्टाड हेल्मरच्याच बँकेत नोकर आहे. त्याची नोकरी जाणार असं दिसताच तो या सहीचा धाक घालतो.

आता शितावरून भाताची परीक्षा करू. शीत अगदी पहिल्याच प्रवेशात आहे. नोरा बाजारातून येते, खिशातून बदामाची बिस्किटं काढून खाते आणि नवऱ्याची चाहूल लागताच तोंड पुसते. दात खराब होतात म्हणून हेल्मरनं तिला ती खायला बंदी केली आहे. खाल्लीस का, असं तो विचारतो. ती चक्क नाही म्हणते.

गाइड म्हणतं, पाहा, खोटं बोलते. पण आपण बायका हे वाचताना जरा थांबू या. तीन मुलांच्या आईला बिस्किट लपवून का खावं लागतं? स्वभाव ओळखायचा तर ‘ती काय लपवते?’ एवढं विचारून भागत नाही. ‘कोणापासून लपवते, आणि सांगितलं असतं तर काय झालं असतं?’ हेही विचारावं लागतं. हेल्मर तिला कधी मारत नाही, शिवीगाळ करत नाही. उलट चंडोल म्हणतो, खारूताई म्हणतो. लाड भरपूर आहेत. फक्त तिच्याशी मोठ्या माणसासारखं बोलणं नाही. जिथं आपण कायम लहान मूल असतो, तिथं आपण लहान मुलासारखं लपवतोही.

दुसरं शीत मला याहून मोलाचं वाटतं. नाटकात दोन वाक्यं एकमेकांपासून बरीच दूर आहेत. गाइड ती कधी शेजारी ठेवत नाही. पहिल्यांदा हेल्मर हसत हसत गेल्या नाताळची आठवण काढतो. नोरानं तीन आठवडे रोज संध्याकाळी स्वतःला कोंडून घेतलं होतं, झाडासाठी कागदी फुलं करायला. त्याला तेव्हा अगदी कंटाळा आला होता. आणि एवढं करून हाती काही नाही, मांजरानं सगळं फाडून टाकलं! पुढं नोरा तिची मैत्रीण लिंडेबाई हिला सांगते की, गेल्या हिवाळ्यात तिला नकला उतरवून द्यायचं काम मिळालं होतं. दार लावून ती रात्री उशिरापर्यंत लिहीत बसायची. दमायची, पण पैसे कमावण्यात मजाही वाटायची, आपण जणू पुरुषच आहोत असं वाटायचं.

आता ही दोन वाक्यं जोडा. मग सांगा, कुठली कागदी फुलं आणि कुठलं मांजर! इब्सेन काही स्पष्ट करून सांगत नाही. तो वाचणाऱ्यावर सोपवतो.

आणि उधळेपणा? नाताळची मोटळी आणणाऱ्या हमालाला ती मागितल्याच्या दुप्पट देते, हे खरं. नवऱ्याकडे पैसे मागते, हेही खरं. पण कपड्यांसाठी म्हणून मिळालेल्या पैशांतला निम्म्याहून जास्त ती कधी खर्च करत नाही. साधंसुधं घेते आणि उरलेल्यातून दर तिमाहीचं व्याज आणि हप्ता भरते. मुलांच्या कपड्यांत मात्र काटकसर करत नाही. घरखर्चातून चार पैसे बाजूला काढणं म्हणजे काय असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तर सांगलीच्या ताई, शेवटच्या अंकात नोरा एकदम शहाणी होत नाही. ती आधीपासूनच शहाणी आहे. कर्ज काढणारी, कमावणारी, सात वर्षं हिशेब सांभाळणारी बाई पहिल्या अंकातच आहे. फक्त तिला पाहिलेलं कुणी नाही, आणि तिनं स्वतःनंही तिला पुरतं पाहिलेलं नाही. शेवटच्या अंकात ती नाचाचा पोशाख उतरवून साधे कपडे घालून येते आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्यासमोर टेबलाशी बोलायला बसते. बदललेला असतो तो पोशाख.

आता हेल्मर. त्याला खलपुरुष ठरवला की नाटक हातातून निसटलंच. तो कष्टाळू आहे, कर्जाचा त्याला तिटकारा आहे, घरावर त्याचं प्रेमही आहे. त्याच्या घरात टपालपेटीला कुलूप आहे आणि किल्ली एकट्या त्याच्याकडे आहे, यात त्याला वावगं काही दिसत नाही. माझ्या मते नाटकाचा विषय त्या कुलपात आहे. गाइडमध्ये विषय दिलाय ‘स्त्रीस्वातंत्र्य’. चूक नाही, पण फार मोठं पांघरूण आहे ते. नाटक विचारतं ते असं: एका छपराखाली राहणाऱ्या दोघांत कुणाला काय कळण्याचा हक्क आहे, आणि खरं कळल्यावर प्रेम टिकतं का?

ती परीक्षा शेवटी येते. क्रॉगस्टाडचं पत्र वाचून हेल्मर नोराला ढोंगी, गुन्हेगार ठरवतो, मुलं वाढवायला नालायक ठरवतो. पण लोकांसाठी संसार आहे तसाच दिसला पाहिजे, असंही बजावतो. मग दुसरं पत्र येतं. रोखा परत! त्यावर तो सुटलो म्हणून ओरडतो, पण फक्त स्वतःपुरतं. मग मी? असं नोराला विचारावं लागतं. अर्थात तूही, असं तो म्हणतो आणि मोठ्या मनानं क्षमा करून टाकतो. नोराला मात्र वाटत होतं की तो सगळा दोष स्वतःच्या शिरावर घेईल. तो आळ त्याच्यावर येऊ नये म्हणून ती जीव द्यायलाही तयार होती.

इथं माझीच एक गोष्ट सांगते. फार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाच्या ऑपरेशनसाठी मी पाटल्या सराफाकडे गहाण ठेवल्या आणि घरात सांगितलं, पॉलिशला दिल्यात. आठ महिने ते पॉलिश चाललं! शेवटी चिठ्ठी ह्यांच्या हाती लागली. ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आणखी कुणाला माहीत आहे?” मी रात्रभर जागी होते. सकाळी चहा घेताना हे म्हणाले, “भावाचं आता कसं आहे? आणि मला का नाही सांगितलंस?” ते कपाटाची किल्ली माझ्यापुढं ठेवूनच बोलत होते. आमचा संसार त्या दुसऱ्या प्रश्नावर उभा राहिला, असं मला अजून वाटतं. हेल्मरला तो दुसरा प्रश्न सुचतच नाही. तू हे एकटीनं कसं फेडलंस, एवढंसुद्धा तो विचारत नाही.

आता मुलांचा प्रश्न. ताई, तो तुम्हालाच पडलाय असं नाही. जर्मनीत १८८० साली नोराचं काम करणाऱ्या हेडविग नीमान-राबे या नटीनं सांगितलं, मी माझी मुलं कधीच सोडणार नाही, हा शेवट मी करणार नाही. तेव्हा इब्सेननं नाइलाजानं स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला. त्यात हेल्मर तिला निजलेल्या मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथंच कोसळते, थांबते. स्वतः इब्सेनला तो शेवट म्हणजे नाटकावर केलेला अत्याचार वाटला.

पण मूळ नाटकात नोरा मुलांना सहज टाकून जात नाही. पहिल्या अंकात ती त्यांच्याशी लपंडाव खेळते. मग हेल्मर बोलून जातो की, बिघडलेल्या माणसांच्या आया बहुधा खोटं बोलणाऱ्या असतात. तो बोलतो क्रॉगस्टाडबद्दल, पण घाव बसतो हिला. तेव्हापासून ती मुलांना जवळ येऊ देत नाही, आपलं विष त्यांना बाधेल म्हणून. दुसऱ्या अंकात ती दाईला विचारते, स्वतःचं मूल परक्यांकडे ठेवायला तुझं मन कसं झालं? या दाईनं पोटासाठी आपली मुलगी दूर ठेवून आईवेगळ्या नोराला वाढवलं होतं. मुलं सोडून जाणारी पहिली आई या नाटकात नोरा नाहीच! दाईच्या त्या सोडून जाण्याला कुणी नाव ठेवत नाही, कारण ती गरीब होती.

म्हणून नोरानं केलं ते बरोबर, असं मी म्हणत नाही. मला आजही त्या निजलेल्या मुलांपाशी अडखळायला होतं. पण कायदा तेव्हा काय होता, हेही आठवावं. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज घेता येत नाही, असं लिंडेबाई नाटकातच सांगते. नॉर्वेत विवाहित स्त्रीला कायद्यानं सज्ञान मानलं गेलं ते १८८८ साली, आणि हे नाटक आहे १८७९ चं. ज्या खऱ्या बाईवरून इब्सेनला ते सुचलं, त्या लॉरा कीलरनंही नवऱ्याच्या आजारपणासाठी चोरून कर्ज काढलं होतं. उघड झाल्यावर नवऱ्यानं तिला वेड्यांच्या इस्पितळात धाडलं, मुलांपासून तोडलं. पुढं ती परत त्याच घरात नांदायला गेली. खऱ्या नोराला दार आपटून जाता आलं नाही.

आपल्याकडे अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ या नावानं हे नाटक मराठीत आणलं. ग्रंथालयात मिळालं तर मायलेकींनी शेजारी शेजारी ठेवून वाचावं.

*मुलीच्या वहीसाठी*

कोणत्याही कादंबरी-नाटकातलं माणूस ओळखायचं असेल तर गाइड उघडण्यापूर्वी हे चार प्रश्न वहीत लिहावेत:

१. हे माणूस काय लपवतं, आणि कोणापासून?
२. त्याचे पैसे कशावर खर्च होतात? बोलण्यापेक्षा पैसा जास्त खरं सांगतो.
३. ते खरं कोणाजवळ बोलतं? (नोरा लिंडेबाईजवळ बोलते, तीही लिंडेबाईनं तिला लहान मूल म्हटल्यावर.)
४. संकट आल्यावर त्याच्या तोंडून पहिलं काय निघतं?

प्रत्येक उत्तरापुढं अंक आणि प्रसंग लिहावा. विषय सांगायचा तर आधी नाटकातली एखादी वस्तू धरावी, इथं टपालपेटी, आणि मग मोठा शब्द लिहावा. ‘बालिश’, ‘जागृत’ ही विशेषणं शेवटी, पुरावा जमल्यावर. मार्कही मिळतील आणि नाटकही लक्षात राहील.

सांगलीच्या ताई, मुलीला एक मात्र सांगा. तुमचा राग तिनं उत्तरात जरूर लिहावा. नोरानं जाणं योग्य होतं का, यावर तुमचं आणि तिचं एकमत झालं नाही तरी चालेल. पोळ्या लाटताना वाद घाला, आणि काय ठरलं ते मला कळवा.