नातवाची गाडी आणि शिशाचं पेट्रोल

मंडळी, निवृत्त मास्तराला गाड्यांतलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे. आयुष्यभर सायकल आणि नंतर एक जुनी स्कूटर, एवढाच माझा अनुभव. तरी आज पेट्रोलवर लिहितोय, कारण विषय घरचा आहे.

माझा थोरला नातू अमेरिकेत असतो. हौसेनं टर्बो इंजिनाची गाडी घेतली आहे, एखाद्या रविवारी ती शर्यतीच्या ट्रॅकवर नेतो. परवा फोनवर सहज म्हणाला, "आबा, रेसचं पेट्रोल दोन तऱ्हेचं मिळतं, लेडेड आणि अनलेडेड. मित्र म्हणतात लेडेड घे."

"लेड म्हणजे शिसं ना रे? ते तर कधीच बंद झालं!"

"रस्त्यावर बंद आहे आबा. ट्रॅकवर चालतं."

तिकडे १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांना शिशाचं पेट्रोल बंद आहे, शर्यतीला मात्र सूट. झालं, माझी झोप उडाली. दोन रात्री वाचत बसलो.

टर्बो इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो. दाब आणि उष्णता वाढली की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. इंजिनात ठोके बसतात, पिस्टनसुद्धा फुटू शकतो. असं अवेळी न भडकण्याचा पेट्रोलचा गुण म्हणजे ऑक्टेन. टेट्राएथिल लेड थोडंसं घातलं की हे ठोके थांबतात, हे १९२१ साली थॉमस मिजली यांना सापडलं. बाजारात आणताना नाव ठेवलं 'एथिल'. त्यात शिशाचा उच्चारच नाही! १९२४ साली न्यू जर्सीत ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

आता लेडेडची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर एकतर्फी निकाल देतात. शिशानं स्वस्तात ऑक्टेन वाढतो, आणि जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह जिथे टेकतात ती जागा झिजत नाही. पण नातवाची गाडी नवी. तिच्या धुराच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याच्या सांगण्यावरून संगणक पेट्रोल मापतो. शिशाचा थर बसला की सेन्सर चुकीचं सांगू लागतो. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनमवरही तोच थर बसून तो निकामी होतो. आणि ऑक्टेन काय फक्त शिशातूनच मिळतो? इथेनॉलचा ऑक्टेन मुळातच जास्त. आपल्याकडे पुण्या-मुंबईत डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं बिनशिशाचं पेट्रोल आलं. अमेरिकेतल्या नॅस्कारच्या मोठ्या शर्यतींनीही २००८ पर्यंत शिसं सोडलं. मग या पोरांचं काय अडलंय?

पण माझं खरं कारण गाडी नाही.

१९८५-८६ ची गोष्ट असेल. बोदवडमध्येच एका गॅरेजवर मी स्कूटर दुरुस्तीला टाकायचो. तिथे काम करणारा पोरगा माझाच विद्यार्थी, सातवीतून शाळा सोडलेला. टाकीत नळी घालून तो तोंडानं पेट्रोल ओढायचा, पचकन थुंकायचा आणि हसून म्हणायचा, "सर, झालंच!" मग उघड्या हातांनी कार्ब्युरेटर पेट्रोलमध्ये धुवायचा. शिशाचं ते संयुग कातडीतूनही शरीरात जातं, हे मला ठाऊक नव्हतं. पण पेट्रोल तोंडात घेऊ नये, एवढं तर कळत होतं ना? वर्गात स्वच्छतेवर धडे देणारा मी तिथे बाकावर बसून पेपर वाचत होतो. त्याला काही झालं असा माझा दावा नाही. तो पुढे सुरतेला गेला, एवढंच ठाऊक आहे. पण मी बोललो नाही, ते आता टोचतं.

चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल १९९५ मध्ये आलं, सगळ्या देशात शिसं बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, त्यानंही २०२१ मध्ये थांबवलं. शिसं कॅल्शियमसारखं हाडांत जाऊन बसतं आणि मुलांच्या मेंदूला सर्वांत जास्त बाधतं. त्याचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ट्रॅकवरचा धूर काही ट्रॅकच्या कुंपणाशी थांबत नाही.

काल पुन्हा फोन आला. सेन्सरचं सांगितलं तर म्हणाला, "आबा, सेन्सर बदलता येतो."

मी विचारलं, "तिथे लहान पोरं येतात का रे?"

"येतात की. बापाबरोबर येतात, गाडीला खेटूनच उभी असतात."

मी काही बोललो नाही. तोही क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "बरं आबा, अनलेडेडच घेतो."

या वेळी निदान बोललो तरी. असो.