पिस्टलसोबत राखीव काडतुसे किती? गृह विभागास निवेदन

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह),
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२.

विषय : पिस्टल किंवा रिव्हॉल्व्हर घेऊन कर्तव्यावर जाणाऱ्या पोलीस अधिकारी व अंमलदारांना द्यावयाच्या राखीव काडतुसांबाबत निश्चित धोरण ठरविणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे निवृत्त पोलीस अधिकारी व अंमलदार आहोत. आमच्यापैकी काहींची हयात शस्त्रागारात गेली, काहींची बंदोबस्तात आणि कैदी पार्टीत. आम्हाला ना बढती हवी आहे, ना भत्ता. जे आज कमरेला हत्यार लावून बाहेर पडतात त्यांच्या वतीने एकच गोष्ट मांडायची आहे. ती लहान वाटते, म्हणूनच आजवर कोणी नीट ठरवलेली नाही.

शस्त्रागाराच्या खिडकीवर पिस्टल घेताना सोबत राऊंड किती द्यायचे, याचा निर्णय आमच्या नोकरीत बहुधा मागच्या पानावरून होत असे. काल जेवढे दिले तेवढेच आज. कर्तव्य कोणते, रस्ता कोणता, मदत किती लांब, हे कोणी विचारत नसे. संध्याकाळी मोजून परत घेताना आकडा जुळला पाहिजे, या एका काळजीने सकाळचा आकडा ठरत असे. जेवढे कमी द्याल तेवढे कमी हरवेल, असा हा सरळ हिशेब होता. हिशेब चोख राहिला. पण हत्यार ज्या कामासाठी दिले, त्याचा त्यात विचार नव्हता.

एका जिल्ह्यातला प्रकार आमच्यापैकी एकाने स्वतः पाहिला आहे. दोन आरोपींना तारखेसाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या न्यायालयात न्यायचे होते. वाटेत घाट होता आणि परतायला रात्र होणार होती. पार्टीच्या हवालदारांना ९ मि.मी. पिस्टल आणि एक मॅगझिन मिळाले. जादा राऊंड मागितल्यावर पाच काडतुसे कागदाच्या पुडीत बांधून दिली आणि पुडीवर आकडा लिहिला. हवालदारांनी ती शर्टाच्या खिशात ठेवून वर बटण लावले. नोंदवहीत त्यांच्या नावावर राखीव काडतुसे होती, पण प्रत्यक्षात ती नसल्यातच जमा. गोळीबार सुरू असताना बटण काढून, पुडी सोडून, रिकाम्या मॅगझिनमध्ये एकेक गोळी अंगठ्याने दाबून भरणे कोणालाही जमणारे नाही. आधीच भरलेले दुसरे मॅगझिन, तेही हाताच्या ठरलेल्या जागी, यालाच आम्ही राखीव म्हणतो.

महोदय, दुसरे मॅगझिन म्हणजे केवळ जादा गोळ्या नव्हेत, हे कार्यालयातून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे ९ मि.मी. पिस्टल पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दलांच्या हातात आहे. त्याच्या मॅगझिनमध्ये १३ गोळ्या मावतात. पिस्टलमध्ये लोखंडाचा मोठा भाग सहसा बिघडत नाही. बिघडते ते पत्र्याचे मॅगझिन. एकदा फरशीवर पडून त्याच्या वरच्या दोन ओठांपैकी एक जरासा दबला, की गोळी वर येताना नाक खाली घालते आणि स्लाइड अर्ध्यात अडकते. स्प्रिंग सैल झाली तर शेवटच्या दोन गोळ्या वेळेवर वर चढत नाहीत. अशा वेळी शिकवलेला इलाज असा : मॅगझिनच्या बुडावर तळहाताची थाप, स्लाइड मागे ओढून सोडणे, आणि तरीही नाही सुटले तर मॅगझिन काढून टाकून दुसरे घालणे. ज्याच्याकडे दुसरे नाही, त्याचा इलाज थापेपाशीच संपतो. मग आतल्या १३ गोळ्यांपैकी १२ शिल्लक असल्या तरी त्यांचा उपयोग काय?

आता संख्येकडे वळतो. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा अभ्यास रँड या संशोधन संस्थेने केला आणि अहवाल २००८ मध्ये दिला. १९९८ ते २००६ या काळात समोरूनही गोळ्या सुटत असताना पोलिसांच्या सुमारे १८ टक्केच गोळ्या लागल्या. म्हणजे भरलेल्या मॅगझिनमधल्या १३ पैकी दोन किंवा फार तर तीन. सरावाच्या मैदानावर उभ्या कागदाला दहापैकी नऊ मारणाऱ्यांचीच ही गत आहे. समोर दोन हल्लेखोर असले, तर एक मॅगझिन किती पुरेल याचे उत्तर आकड्यांतच आहे.

ज्या देशात पोलिसांच्या झटापटींची बारकाईने चिरफाड होते, तिथल्या दोन घटना नमूद करतो. कॅलिफोर्नियात न्यूहॉल येथे एप्रिल १९७० मध्ये महामार्ग पोलिसांचे चार जवान काही मिनिटांत मारले गेले. त्यांतला एक जखमी अवस्थेत रिव्हॉल्व्हरमध्ये सुट्या गोळ्या भरत असताना हल्लेखोराने त्याला गाठले. त्या घटनेनंतर त्या दलाने सहाही गोळ्या एकदम बसवणारे स्पीडलोडर स्वीकारले. मायामीत ११ एप्रिल १९८६ रोजी एफबीआयच्या आठ जणांची दोन दरोडेखोरांशी गाठ पडली. दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी झाले. त्यांतल्या काहींकडे रिव्हॉल्व्हर होते, आणि जखमी हाताने ते भरणे म्हणजे काय हे त्या दिवशी साऱ्या जगाला कळले.

न्यूहॉलच्या त्या जवानाच्या खिशात रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, सरावात पुंगळ्या गोळा करायची सवय त्याला नडली, अशी एक कथा प्रशिक्षण केंद्रांतून सांगितली जाते. पुढच्या अभ्यासकांनी ती खोटी ठरवली आहे. पण आपल्याकडे गोळीबार सरावात नेम धरण्यापेक्षा पुंगळ्या मोजून जमा करण्यातच जीव जास्त अडकलेला असतो, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे.

दुसऱ्या टोकालाही आम्ही जात नाही. अमेरिकेत स्कोकी येथील एका अधिकाऱ्याने २००८ मध्ये एकाच हल्लेखोरावर ३३ गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर तो रोज १४५ गोळ्या बाळगू लागला. त्याची भीती आम्ही समजू शकतो, अनुकरणाची शिफारस मात्र करणार नाही. भरलेल्या एका मॅगझिनचे वजन पाव किलोच्या आसपास जाते. त्यात पिस्टल, वायरलेस संच, बेड्या, पाण्याची बाटली आणि बारा तास उभे राहणे. पट्टा जड झाला की माणूस पहिल्यांदा राखीव मॅगझिनच गाडीत काढून ठेवतो. शिवाय ज्या गोळ्या हल्लेखोराला लागत नाहीत त्या कुठेतरी जातातच. दादरच्या फुलबाजारात किंवा पंढरपूरच्या वारीत त्या कुठे जातील, हे आपणास सांगायला नको.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात काठी होती आणि समोर एके-४७. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलीस निरीक्षक शशांक शिंदे धारातीर्थी पडले. त्या रात्री आणखी दोन मॅगझिन असती तर निकाल बदलला असता, असा दावा आम्ही करत नाही. रायफलसमोर पिस्टल अपुरेच. परंतु त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने सरावासाठी काडतुसांचा तुटवडा असल्याकडे बोट दाखवले होते, ही गोष्ट विसरता येत नाही. त्यानंतर फोर्स वन उभे राहिले, नवी शस्त्रे आली. पोलीस ठाण्यातल्या साध्या अंमलदाराच्या कमरेपर्यंत ती सुधारणा पुरती पोहोचली नाही, असे आमचे मत आहे.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, राखीव काडतुसांची संख्या हत्यारावरून किंवा हुद्द्यावरून न ठरवता मदत पोहोचायला किती वेळ लागेल यावरून ठरवावी. शहरात, जिथे वायरलेसवर हाक दिल्यावर काही मिनिटांत दुसरी गाडी येते, तिथे पिस्टलमधल्या मॅगझिनखेरीज एक भरलेले मॅगझिन पुरेसे समजावे. कैदी पार्टी, महामार्गावरील रात्रीची नाकाबंदी, रोकड किंवा मतपेट्यांसोबतचा बंदोबस्त आणि अंगरक्षक यांना दोन द्यावीत. .३८ रिव्हॉल्व्हर अजून ज्यांच्याकडे आहे त्यांना भरलेले दोन स्पीडलोडर, म्हणजे हत्यारातल्या सहाखेरीज १२ गोळ्या. यापेक्षा जास्त द्यावे लागेल असे वाटणाऱ्या ठिकाणी पिस्टलवर विसंबूच नये, सोबत लांब पल्ल्याचे हत्यार असलेला जवान पाठवावा. पुडीत किंवा सुटी काडतुसे देण्यास स्पष्ट मनाई असावी.

मॅगझिन कुठे लावायचे हेही आदेशात यावे. उजव्या हाताने पिस्टल धरणाऱ्याच्या डाव्या कमरेला, गोळ्यांची टोके पुढे. म्हणजे डावा हात खाली गेला की तर्जनी आपोआप पहिल्या गोळीच्या टोकावर येते आणि न बघता मॅगझिन मुठीत बसते. हे पाऊच चामड्याचे नसावे. चामडे कमावताना वापरलेल्या रसायनांमुळे आणि दमटपणामुळे पितळेवर हिरवा कळंक चढतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर चामड्यात राहिलेली काडतुसे आम्ही नखाने खरवडून पाहिली आहेत. पावसाळ्याच्या शेवटी ती फायर होतील की नाही, याची खात्री आमच्यातल्या एकाही आर्मररने दिली नसती.

याला जोडूनच एक बारीक पण धोक्याची बाब. रोज हत्यार देताना-घेताना तीच वरची गोळी चेंबरमध्ये चढते आणि उतरते. असे पुन्हा पुन्हा झाले की शिशाचे टोक पुंगळीत आत सरकते. मूळ लांबीपेक्षा आखूड झालेली अशी गोळी झाडली, तर आतला दाब वाढून हत्यार आणि हात दोन्हींना इजा होऊ शकते. उपाय फुकटचा आहे : वरची गोळी आळीपाळीने बदलावी, नव्या गोळीशेजारी उभी करून आखूड दिसेल ती बाजूला काढावी. आणि कर्तव्यावर दिलेली सर्व काडतुसे दरवर्षी सरावात झाडून संपवावीत, जागी ताजी द्यावीत. जुनी जपून ठेवायची आणि सरावाला काडतुसे नाहीत म्हणायचे, हा उफराटा कारभार त्यामुळे आपोआप थांबेल. खडकीचा दारूगोळा कारखाना आपल्या पुण्यात आहे. ९ मि.मी. काडतुसाच्या बुडावरचे ‘केएफ’ आम्ही नोकरीभर वाचत आलो. काडतुसे बनतात ते गाव आणि ती पोहोचत नाहीत ते ठाणे एकाच राज्यात असावे, याचे आम्हाला वाईट वाटते.

आता भीतीबद्दल. एक राऊंड गहाळ झाला की पंचनामा, कसुरी अहवाल, विभागीय चौकशी, वेतनवाढ रोखणे, ही साखळी प्रत्येकाला पाठ असते. त्यामुळे अनेकजण हत्यारच नको म्हणतात आणि शस्त्रागारातले लोकही देणे टाळतात. काडतुसाचा हिशेब सैल करा, असे आम्ही म्हणणार नाही. गोळी गुन्हेगाराच्या हाती पडली तर काय होते, हे आम्ही पाहिले आहे. मात्र हरवल्याचे त्याच दिवशी सांगणारा आणि लपवणारा यांना एकाच तराजूत तोलू नये. पिस्टल व मॅगझिन क्रमांकासह एकाच अंमलदाराच्या नावावर ठराविक मुदतीसाठी द्यावीत, म्हणजे दबलेल्या ओठाची जबाबदारी कोणाची हेही कळेल. जादा गोळ्या दिल्या तर जादा झाडल्या जातील, अशी शंका वरिष्ठ घेतात. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात चकमकीनंतर संबंधितांची शस्त्रे न्यायवैद्यक व बॅलिस्टिक तपासणीसाठी जमा करण्याचे बंधन घातले आहे. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा जाब आज द्यावाच लागतो. त्यासाठी न झाडलेली गोळी काढून घ्यायची गरज नाही.

सरावाविना या मागण्या मान्य करू नयेत, अशीही आमची विनंती आहे. ज्याने वर्षभरात मॅगझिन बदलून, अंधारात आणि एका हाताने गोळीबार केलेला नाही, त्याला दुसरे मॅगझिन देणे म्हणजे भटक्या गोळ्यांची संख्या वाढवणे. मॅगझिन बदलण्याचा सराव तर रिकाम्या हत्यारावर, डमी काडतुसांनी, पोलीस ठाण्याच्या आवारातही होतो. त्याला ना मैदान लागते, ना निधी.

वरील बाबींवर पोलीस महासंचालकांचा अभिप्राय मागवून तीन महिन्यांत परिपत्रक काढावे. त्याआधी किमान कैदी पार्टीपुरता दुसऱ्या मॅगझिनचा आदेश तात्काळ द्यावा. त्यासाठी नव्या खरेदीची वाट पाहण्याचे कारण नाही, शस्त्रागारांच्या पेट्यांत पडून असलेल्या मॅगझिनची तपासणी करून सुरुवात करता येईल. ही तपासणी विनामोबदला करून देण्यास आमच्यातील निवृत्त आर्मरर तयार आहेत. आपण बोलवाल त्या दिवशी शिष्टमंडळ हजर राहील.

आपले विश्वासू,
निवृत्त पोलीस अधिकारी व अंमलदार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी : मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई.