लक्षणे नसलेला संगणक

बाळ गुटगुटीत आहे, दूध नीट पिते आहे, मग टाचेतून रक्त कशासाठी घ्यायचे, हा प्रश्न नवजात अर्भकांची थायरॉइड तपासणी सुचविणाऱ्या प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या परिचयाचा आहे. जन्मजात थायरॉइड-न्यूनता असलेली बहुसंख्य अर्भके जन्मतः निरोगीच दिसतात. लक्षणे उमटेपर्यंत थांबलो तर मेंदूची झालेली हानी भरून येत नाही, हे आपण पालकांना धीराने समजावतो. घरच्या संगणकाविषयी धोक्याची सूचना आली की मात्र ‘चालतोय ना व्यवस्थित, मग पाहू पुढे’ असे म्हणणाऱ्यांत आपली डॉक्टर मंडळीच आघाडीवर असतात. माझी तक्रार एवढीच आहे.

या संदर्भात ‘डीएनएस चेंजर’चे प्रकरण मला फार बोलके वाटते. या उपद्रवी आज्ञावलीने शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक ग्रासले होते. चित्रफीत पाहण्यासाठी आवश्यक असल्याचे भासवून ती संगणकात शिरे. आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो तेव्हा त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी एक निर्देशिका पडद्याआड काम करीत असते; या आज्ञावलीने खऱ्या निर्देशिकेच्या जागी चोरांची निर्देशिका बसविली. पत्ता अचूक लिहावा आणि पोहोचावे भलत्याच दारी, असा तो प्रकार. शिवाय अँटिव्हायरसचे अद्ययावतीकरणही ती रोखून धरी, म्हणजे संसर्गाबरोबर प्रतिकारशक्तीवरही घाला.

नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात सहा जणांना अटक झाली. चोरांचे सर्व्हर तत्काळ बंद केले असते तर लाखो घरांतील इंटरनेट एका क्षणात ठप्प झाले असते. म्हणून अमेरिकी न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर चालविण्यात आले. ८ मार्च २०१२ ही मुदत पुढे ९ जुलैपर्यंत वाढविली गेली. हा निर्णय मला योग्यच वाटतो, पण त्याचा परिणाम ताप उतरविणाऱ्या औषधासारखा झाला. रोग आत तसाच आणि रुग्ण मात्र हिंडता-फिरता! आठ महिने इशारे देऊनही शेवटच्या दिवशी दोन लाखांहून अधिक संगणक बाधितच होते.

तपासणीची सोय इतकी सोपी होती की एक पान उघडायचे आणि हिरवा रंग दिसतो की लाल, एवढेच पाहायचे. तथापि इंटरनेट पुरवठादाराने वाहतूक परस्पर वळविलेली असल्यास बाधित संगणकावरही हिरवाच रंग दिसू शके, आणि ही त्रुटी त्या पानावरच नमूद केलेली होती. एका ऋण चाचणीवर निर्धास्त होऊ नये, हे वैद्यकाला निराळे सांगायला नको.

आपल्या घरच्या संगणकात काय असते? लसीकरणाच्या नोंदी, डिस्चार्ज कार्डे, त्वचारोगाची वा झटक्यांची पालकांनी विश्वासाने पाठविलेली छायाचित्रे आणि चित्रफिती. ज्या बालकाची ती आहेत त्याला संमती विचारण्याचाही प्रश्न येत नाही. त्याच संगणकावर घरातील चिरंजीव कुठून तरी आणलेला फुकटचा खेळ बसवितात. हा धोका केवळ आपला असता तर मी हा लेख लिहिलाच नसता.

अर्थात प्रत्येक इशारा खरा नसतो. ‘तुमचा संगणक बाधित आहे, या क्रमांकावर त्वरित फोन करा’ असे पडद्यावर झळकले, तर तो इशारा हाच रोग समजावा. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. ती खिडकी बंद करावी आणि संगणकात आधीपासून असलेली अँटिव्हायरस आज्ञावली स्वतः उघडून पूर्ण तपासणी लावावी. विंडोजच्या डिफेंडरमध्ये ऑफलाइन तपासणीची सोय आहे. मुख्य प्रणाली सुरू होण्यापूर्वीच ती चालत असल्याने दडून बसलेले दोषही सापडण्याची शक्यता वाढते. दोष आढळल्यास इंटरनेट तोडावे आणि बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष उपकरणावरून बदलावेत. राउटर बहुतेक सर्वजण विसरतात. डीएनएस चेंजरने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेल्या राउटरमध्येही शिरकाव केला होता; तेव्हा संगणक धुऊन-पुसून स्वच्छ केला तरी घरात शिरतानाच वाट चुकायची. पेशंटच्या आई-वडिलांना शेजाऱ्याने सांगितलेल्या औषधावरून रागावणारे आपण, संगणकासाठी मात्र शेजारच्या मुलाच्या सल्ल्यावर विसंबतो, हेही विनोदीच.

भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. बाधित संगणक हुडकून इंटरनेट पुरवठादारामार्फत ग्राहकाला कळविणे आणि सफाईची साधने मोफत देणे हे त्याचे काम. पुरवठादाराचे असे पत्र आले तर ते जाहिरात समजून टाकून देऊ नये. केंद्राचा पत्ता मात्र पत्रातील दुव्यावरून न घेता स्वतः टाइप करावा. आपल्या संस्थेच्या मासिक सभेत औषध कंपनीच्या सादरीकरणाआधी अर्धा तास या कामासाठी राखून ठेवावा, सभासदांनी आपापले लॅपटॉप आणावेत आणि जाणकाराच्या देखरेखीखाली तिथेच तपासणी लावावी, अशी माझी कार्यकारिणीला सूचना आहे. राउटरचा पासवर्ड मात्र ज्याने त्याने घरी जाऊनच बदलावा लागेल.