कच्चे मडके

दुःस्वप्नासारख्या राज्यांच्या कादंबऱ्या किल्ली लावून वाचण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. ऑर्वेलच्या 1945 सालच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’मधला नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टालिन, बॉक्सर घोडा म्हणजे राबणारा कामगार; कोष्टक पुरे झाले की पुस्तक मिटायचे! गुन्हेगार परका, शिवाय मेलेला. वाचक निर्धास्त. माझे भांडण आहे ते या निर्धास्तपणाशी.

रूपक म्हणजे कोणा एका माणसाचे टोपणनाव नव्हे. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला. पण कर्झन तर 1905 सालीच हिंदुस्थान सोडून गेला होता! कोष्टकाच्या हिशेबाने नाटक जन्मतःच शिळे. तरीही 1910 साली सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. माणूस गेला तरी कीचकाची जागा रिकामी राहत नाही, हे आमच्या टीकाकारांआधी साहेबाला उमगले होते.

झाम्यातिनच्या ‘वुई’ कादंबरीत माणसांना नावे नाहीत, आकडे आहेत. घरांच्या भिंती काचेच्या. ती इंग्रजीत 1924 साली निघाली. लेखकाच्या मायदेशी छापायला 1988 साल उजाडले. कोणी म्हणेल, आमच्या बेंबळीत काचेची घरे कुठली? नसतील. पण ‘लोक काय म्हणतील’ ही भिंत काचेहून पारदर्शक असते. हा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. सभा भरवायलाही परवानगी लागे. ती राजवट गेली. आवाज खाली घेण्याची सवय मात्र घराघरांत उरली. ही सवय लावायला हुकूमशहा लागत नाही. वडीलधाऱ्यांनी डोळे वटारले की पुरते.

यावर ठेवणीतला आक्षेप येतो: व्यक्तिस्वातंत्र्य हे पश्चिमेचे खूळ, आपली परंपरा ‘मी’पणा सोडायला शिकवते. आणि दाखला दिला जातो तो आमच्याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांचा. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून पाहिली. सारे गप्प राहिले, नामदेव कुरकुरले आणि कच्चे मडके ठरले. म्हणून गप्प बसावे, हे तात्पर्य!

मला कथा उलटी दिसते. परीक्षा मागणारी त्या मेळ्यातली वयाने लहान, एक मुलगी. कच्चे मडके कोणी फोडले नाही, मेळ्याबाहेर टाकले नाही. नामदेव आपल्या पायांनी विसोबा खेचरांकडे गेले, आणि त्यांच्या नावाची पायरी पंढरीच्या महाद्वारी आजही आहे. देवापुढे ‘मी’ सोडणे वेगळे, गर्दीपुढे मान टाकणे वेगळे. ऑर्वेलच्या ‘1984’मध्ये विन्स्टन स्मिथला भाजून पक्का करीत नाहीत, त्याला रिकामा करून त्यात पक्ष भरतात. कुंभार आणि हुकूमशहा यांत फरक एवढाच, आणि एवढा मोठा.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या ताटावर एखादे पोर ‘का?’ म्हणून विचारील, तर थापटणे उचलण्यापूर्वी एवढे पाहा: आपल्याला मडके पक्के हवे आहे, की नुसते मुके?